लहान वन्यजीवांच्या उपचार केंद्राला सोसायटीने नेमकी कशी मदत करावी?

गोडोलीकर

नमस्कार. साताऱ्यात गोडोली परिसरात आमची मध्यम आकाराची गृहनिर्माण सोसायटी आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडे इमारती सरकत गेल्या आणि पूर्वी जिथे झाडी होती तिथे आता कुंपणाच्या भिंती उभ्या आहेत. त्यामुळे फांद्या छाटताना खाली आलेली खारीची पिल्ले, मांजाने पंख कापलेली घार, मांजराने धरलेला पिंगळा हे आम्हांला दर वर्षी पाहावे लागते. अशा जीवांवर उपचार करून त्यांना पुन्हा निसर्गात सोडणारे एक केंद्र शहराजवळ आहे. गणेशोत्सवातील शिल्लक वर्गणी त्या केंद्राला द्यावी असे सभेत ठरले, मात्र ती कोणत्या रूपात द्यावी यावर एकमत होत नाही. काही सभासदांना सोसायटीचे नाव असलेला मोठा पिंजरा बांधून द्यायचा आहे, काहींना फळे आणि दूध पोहोचवायचे आहे, तर काहींची इच्छा आहे की मुलांना रविवारी तिथे नेऊन प्राणी दाखवावेत. अशा कामाचा अनुभव असलेल्यांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

माहुलीसंगम

नमस्कार गोडोलीकर. मी याच जिल्ह्यात अशा कामात स्वयंसेवक आहे. देण्याआधी आपण विचारणा करत आहात, याचे मनापासून कौतुक वाटते.

पिंजरा डोळ्यांना दिसतो, म्हणून तो देणारे मिळतात. तुटवडा पडतो तो रोज संपणाऱ्या गोष्टींचा: औषधे, निर्जंतुक कापूस, ऊब देणाऱ्या दिव्यांची वीज, गाडीचे इंधन आणि पिल्लांची देखभाल करणाऱ्या माणसाचा पगार. डोळे न उघडलेले खारीचे पिल्लू आले की त्याला आधी काहीही पाजायचे नसते. ते गार पडलेले असते आणि गार शरीराला अन्न पचत नाही, म्हणून कापडात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीजवळ ठेवून आधी त्याचे अंग तापू द्यावे लागते. मग थोडे क्षारपाणी आणि त्यानंतर कुत्र्याच्या पिल्लांसाठी मिळणारी दुधाची पावडर कालवून, एक मिलीच्या सिरिंजने, पिल्लू पोटावर टेकवून, थेंब थेंब द्यायचे. घाई केली आणि दूध नाकातून आले, तर ते फुप्फुसात उतरून पिल्लू दगावू शकते. पाजून झाल्यावर ओल्या कापसाने त्याचे पोट आणि खालचा भाग हलके पुसावा लागतो, कारण एरवी आई चाटते तेव्हाच त्याला लघवी होते. हे सगळे दर दोन-तीन तासांनी करायचे आणि विणीच्या हंगामात अशी अनेक पिल्ले एकाच वेळी असतात. एकदाच मिळालेल्या मोठ्या रकमेपेक्षा दर महिन्याला ठरलेल्या तारखेला येणारी लहान रक्कम केंद्राला अधिक आधार देते असे मी म्हणतो, ते यामुळेच.

गाईचे दूध कृपया पाठवू नये. पिल्लांना त्याने जुलाब होतात आणि पक्ष्यांना तर कोणतेच दूध पचत नाही. जुन्या सुती चादरी, वर्तमानपत्रे, झाकणाची पुठ्ठ्याची खोकी यांचा फार उपयोग होतो. धाग्यांचे फास असलेले टॉवेल मात्र नकोत, नख्या त्यात अडकून पिल्लांचे पाय मुरगळतात.

मुलांना प्राणी दाखवण्याबाबत माझे मत स्पष्ट आहे: नेऊ नये. माणसाच्या आवाजाला आणि वासाला सरावलेला प्राणी सोडल्यावर सहसा जगत नाही आणि चांगले केंद्र कर्मचाऱ्यांनाही त्यांच्याशी बोलू देत नाही. त्याऐवजी केंद्रातील जाणकाराला सोसायटीत बोलवावे.

मिरजेचा पशुवैद्य

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. त्यात एक भर घालतो, जी माझ्या दृष्टीने पैशांइतकीच महत्त्वाची आहे. उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला आमच्याकडे आणली जाणारी पक्ष्यांची कितीतरी पिल्ले मुळात अडचणीत नसतात. अंगावर पिसे आलेली, शेपूट आखूड असलेली, जमिनीवर उड्या मारणारी पिल्ले उडायला शिकत असतात आणि त्यांचे आईबाप जवळच्या फांदीवरून चारा आणत असतात. मांजर-कुत्रे दूर ठेवून त्यांना जवळच्या झुडपावर बसवले की पुरते. पिसे न आलेले पिल्लू घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून पक्षी पिल्लाला टाकत नाहीत. आपल्या सभासदांनी एवढे जरी सर्वांपर्यंत पोहोचवले, तरी केंद्रावरचा बराच भार कमी होईल.

मांजराने धरलेल्या जीवाचे मात्र उलट आहे. जखम दिसत नसली तरी मांजराच्या दातांतील जंतू रक्तात भिनतात, म्हणून प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू व्हावे लागते. जखमी पक्ष्याच्या चोचीत पाणी ओतू नये, त्याची श्वासनलिका जिभेच्या मागेच उघडते. सस्तन प्राणी चावला, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी लगेच शासकीय रुग्णालयात जावे.

कायद्याची बाजूही सभासदांना सांगावी. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो. तो ताब्यात आला की ४८ तासांत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावे लागते. वन विभागाची १९२६ ही निःशुल्क सेवा आहे. केंद्राकडे वन विभागाची लेखी परवानगी आहे ना, हेही देणगीपूर्वी अवश्य पाहावे.

आष्टेकर

आमच्या वाळवा तालुक्यात ऊसतोडणी सुरू झाली की फडात रानमांजराची किंवा वाघाटीची (लहान रानटी मांजराची एक जात) पिल्ले सापडतात. मजूर दयेने ती उचलतात, गावात आणतात, फोटो निघतात, कुणी बिबट्याची पिल्ले म्हणून घाबरते आणि शेवटी ती केंद्रात पोहोचतात. आई मात्र जवळच्याच सरीत लपलेली असते. पिल्ले न हलवता त्या भागातील तोडणी थांबवावी, माणसे दूर करावीत आणि वन विभागाला कळवावे. अंधार पडल्यावर बहुधा आई येऊन त्यांना घेऊन जाते. आमच्या भागातील काही मुकादम आता हे स्वतःहून पाळतात. आपल्या सोसायटीतील ज्यांची शेती आहे, त्यांनी तोडणीच्या टोळीला पहिल्याच दिवशी हे सांगितले, तर तीही केंद्राला मदतच ठरेल.

गोडोलीकर

सर्वांचे आभार. पिंजऱ्याचा आणि सहलीचा विषय मी पुढील सभेत मागे घेण्यास सुचवतो. प्रत्येक सदनिकेमागे दरमहा ठरावीक रक्कम जमा करण्याचा विचार आहे. पावती आणि प्राप्तिकर सवलतीबाबत कुणी सांगू शकेल का? एका सभासदांनी साखर कारखान्यांच्या सामाजिक दायित्व निधीबद्दलही विचारले आहे.

कराडचा लेखापरीक्षक

केंद्र चालवणाऱ्या न्यासाकडे देणगीदारांना करवजावट मिळवून देणारी प्राप्तिकर कायद्याखालील नोंदणी (१९६१ च्या कायद्यात कलम ८०जी) असल्याची खात्री करावी. अशा न्यासाला दिलेल्या देणगीवर साधारणतः ५० टक्के वजावट मिळते, मात्र दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगी वजावटीस पात्र नसते आणि वस्तुरूप मदतीवर सवलत मिळत नाही. नवीन करप्रणाली निवडलेल्यांनाही ही वजावट लागू नाही. पावती ज्याच्या नावे, सवलत त्याला. म्हणून सभासदांनी आपापल्या खात्यातून थेट न्यासाच्या खात्यात रक्कम भरावी, सोसायटीच्या खात्यातून एकत्र पाठवू नये. मासिक रकमेसाठी बँकेत स्थायी सूचना देता येते.

कारखान्यांचे म्हणाल, तर आपल्या भागातील सहकारी साखर कारखान्यांना कंपनी कायदा, २०१३ चे कलम १३५, म्हणजे सामाजिक दायित्वावर खर्च करण्याचे बंधन, लागू होत नाही. औद्योगिक वसाहतीतील ज्या कंपन्यांना ते लागू आहे, त्यांच्याकडे जरूर जावे, कारण वनस्पती व प्राण्यांचे संरक्षण हा विषय त्या कायद्याच्या सातव्या अनुसूचीत स्पष्टपणे दिलेला आहे. अर्जासोबत न्यासाचे लेखापरीक्षित हिशेब आणि वन विभागाच्या परवानगीची प्रत जोडावी. केंद्राने वर्षभरात किती प्राणी दाखल केले आणि किती सोडले याची नोंदवहीही मागून घ्यावी, कंपन्या ती हमखास विचारतात.