किनो लोभी होता का?

जॉन स्टाइनबेकच्या ‘द पर्ल’ या छोट्या कादंबरीत किनो या गरीब पाणबुड्याला एक मोठा मोती सापडतो. तो मोती म्हणजे किनोचा लोभ, आणि त्या लोभानेच त्याचं घर बुडालं, हे या चर्चेत आधी दोघांनी लिहिलंय. मला ते अर्धंच पटतं. मोती हातात आल्यावर किनो काय मागतो? चर्चमध्ये लग्न, नवे कपडे, एक बंदूक, आणि पोराला शाळा. विंचू चावलेल्या त्याच पोराला डॉक्टरने पैसे नाहीत म्हणून दारातून परत पाठवलेलं असतं. यात हाव कुठे आहे? हाव पाहायची तर मोत्यांच्या व्यापाऱ्याची बोटं पाहा. तो मेजाआड बोटांवर नाणं फिरवत बसलेला असतो, आणि मोती दिसताच ते नाणं बोटांतून निसटून मांडीवर पडतं. तोंडाने मात्र तो 1000 पेसोच म्हणतो. शेवटी शेवटी मोती किनोलाही झपाटतो, अगदी बायकोवर, हुआनावर, हात उचलण्यापर्यंत, हे खरं. पण सुरुवात तिथून होत नाही.

कादंबरीमागच्या मूळ गोष्टीचा उल्लेख इथे अजून कुणी केलेला नाही. स्टाइनबेकने ती 1940 मध्ये कॅलिफोर्नियाच्या आखातातल्या सफरीवर असताना ऐकली आणि 1941 च्या प्रवासवर्णनात नोंदवली. मेक्सिकोतल्या ला पाझ गावच्या त्या दंतकथेतला पोरगा एकटा आहे. त्याला हवी असते दारू, पोरी, आणि मेल्यावर सुटका व्हावी म्हणून आधीच विकत घेतलेल्या प्रार्थना. शेवटी तोही मोती समुद्रात फेकतो, पण मोकळा होऊन हसतो. स्टाइनबेकने त्याला बायको दिली, पोर दिलं आणि शाळेचं स्वप्न दिलं. म्हणूनच तर किनो मोती फेकतो तेव्हा हसत नाही.