एअरगनचा छर्रा जाताना दिसायलाय, स्प्रिंग गेली का? (अर्जंट)

आखाडावाला_परभणी: परवा सेकंडहँड एअरगन घेतली. मारलं की छर्रा जाताना चक्क दिसतो. चमकता ठिपका वर चढतो, मग खाली येऊन पत्र्यावर टण्ण! चुलतभाऊ म्हणतो, छर्रा दिसला म्हणजे स्प्रिंग ढिली पडून तो हळू जायलाय, तुला गंडवलं. उद्या विकणाऱ्याकडे जायचंय. हो का नाही, तेवढं सांगा.

गोदाकाठ: किती लांबून मारता? वर दुर्बीण आहे का? किती वाजता? काहीच न सांगता हो-नाही कसं सांगायचं?

आखाडावाला_परभणी: शेतातल्या आखाड्यासमोरच मारतो. दुर्बीण आहे की.

माजी_फौजी: २२ वर्षं नोकरी केली. गोळी डोळ्याला दिसत नाही, विषय संपला. एसएलआर रायफलीची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या वर पळते. ट्रेसर दिसते, कारण तिच्या बुडाला मसाला पेटतो.

गोदाकाठ: काका, एअरगनचा १७७ बोअरचा छर्रा सेकंदाला २०० मीटरच्या आसपास. एसएलआर कशाला मधे आणता?

माजी_फौजी: रेंजवर दुर्बिणीतून गोळीमागची हवा थरथरताना पाहिलीय मी. लोक त्यालाच गोळी समजतात.

गोदाकाठ: ते आवाजापेक्षा वेगात जाणाऱ्या गोळीचं. हा छर्रा आवाजाच्या मागेच राहतो.

कापूसकोंड्या: रोही (नीलगाय) हाकलायला घेतली असेल तर आधीच सांगतो, १९७२ चा वन्यजीव कायदा आहे. त्यापेक्षा कुंपणाला झटका मशीन (तारेत विजेचा झटका सोडणारं) बसवा. आमची तूर त्यानंच वाचली.

आखाडावाला_परभणी: रोह्याचा काय संबंध भाऊ!! डब्याच्या झाकणावर मारायलोय मी.

लातूरची_ताई: कॉलेजात मी १० मीटर एअर रायफल मारायचे. तिथं कधी दिसला नाही, ०.०६ सेकंदात खेळ खल्लास. तुम्ही संध्याकाळी पूर्वेला तोंड करून मारता ना? ऊन पाठीमागून आलं की शिशाचं बूड चमकतं, आणि दुर्बिणीतून बघता म्हणून छर्रा नजरेच्या रेषेतच राहतो. वर चढतो कारण नळी दुर्बिणीच्या खाली आणि किंचित वर रोखलेली असते. स्प्रिंग चांगली असली तरी दिसतो.

आखाडावाला_परभणी: हो, पाचच्या पुढंच मारतो. पण स्प्रिंगचं कसं कळावं?

लातूरची_ताई: टेपनं २० मीटर मोजा. फोन बंदुकीजवळ ठेवून आवाज रेकॉर्ड करा. बार आणि टण्ण यांच्यात किती सेकंद गेले ते बघा, त्यातून ०.०६ वजा करा (आवाज परत यायला तेवढा वेळ लागतो) आणि उरलेल्यानं २० ला भागा. पत्र्यामागं मातीचा ढीग घाला, डोळ्याला चष्मा लावा, छर्रा उलटून येतो. आणि छर्रा न भरता घोडा ओढू नका, स्प्रिंग तशानंच जाते.

उस्मानपुरा_कट्टा: नेमबाज स्वप्नील कुसळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकात ५० मीटर रायफलीत ब्राँझ आणलं, आपल्याकडं अजून डब्याचं झाकण!

माजी_फौजी: तो कोल्हापूरचा. आणि त्यालाही गोळी दिसत नसणार.

आखाडावाला_परभणी: तीनदा केलं. ०.१७ येतंय. म्हणजे ०.११, म्हणजे सेकंदाला १८० मीटर. ठीक आहे ना ताई?

लातूरची_ताई: वाटेतली सरासरी आहे ही, सुटताना याहून जास्तच असणार. स्प्रिंग ठणठणीत आहे.

आखाडावाला_परभणी: मेलो. सकाळीच विकणाऱ्याला फोनवर वाट्टेल ते बोललोय. चुलतभाऊ फोन उचलत नाही.

कापूसकोंड्या: झटका मशीनचं काय ठरलं मग?