आईचं कॅन्सरचं ऑपरेशन झालं की लेकराला आजोळी पाठवावं का? माझं मत: पाठवू नये

पांझराकाठ

आमची पोर २० महिन्यांची. फेब्रुवारीत बायकोच्या डाव्या स्तनाचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. घरी आलो त्या दिवशी भेटायला आलेल्या प्रत्येकाने एकच सांगितलं: पोरीला तीन-चार महिने शिरपूरला आजोळी ठेवा, बाईला आराम पडेल. वडील, थोरला भाऊ, शेजारची अक्का, सगळ्यांचं तेच. मी ऐकलं नाही. आता अडीच महिने झालेत. माझं मत पक्कं झालंय, म्हणून इथे मांडतो. घरात बाप धडधाकट असेल तर लेकराला आईपासून तोडू नये.

आधीच तिच्याकडून एक गोष्ट आम्ही हिसकावून घेतली होती. रात्री ती अंगावर प्यायची. ऑपरेशनच्या आठ दिवस आधी दूध तोडावं लागलं. आठ दिवसांत दूध गेलं, मग आई दवाखान्यात गेली, आणि आई परत आल्यावर आपणच गावाला जायचं? वीस महिन्यांच्या जिवाला कारण सांगता येत नाही. आपल्याला कुणीतरी टाकलं, एवढंच त्याला कळतं.

(मध्येच एक सांगतो, कारण आमचे दोन महिने यातच गेले. गाठ लागली तेव्हा सगळे म्हणाले, दुधाची गाठ असेल, शेका. पाजणाऱ्या बाईच्या छातीतली गाठ दोन-तीन आठवड्यांत विरली नाही तर सोनोग्राफी करा. पाजत असतानाही ती करता येते.)

घरी आलो तेव्हा काखेखाली जखमेतलं पाणी काढणारी नळी आणि तिला जोडलेली बाटली होती. पोर पहिल्याच दिवशी नळीकडे झेपावली. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची पिशवी शिवली, बाटली त्यात घालून परकराच्या नाडीला आतून बांधली. दिसेनाशी झाली तशी पोर विसरली. बाटलीतलं पाणी मी रोज मोजून वहीत लिहायचो. दिवसाला ३० मिलीच्या खाली आल्यावर नळी निघाली.

उचलणं बंद, हे खरं. पोर ११ किलोची आहे. पण उचलायचं नाही म्हणजे जवळ घ्यायचं नाही, असं थोडंच आहे? बायको बाजेवर भिंतीला टेकून बसायची, छातीवर उशी धरायची, मी पोरीला उजव्या बाजूने मांडीवर ठेवायचो. नंतर बाजेला पाट लावला, पोर स्वतः चढायला शिकली. हाताचा व्यायाम म्हणून डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चढवत न्यायला सांगितली होती. दुखायचं म्हणून बायको टाळायची. एक दिवस पोरीने शेजारी उभं राहून तिच्यासारखी बोटं चालवली आणि "मुंगी, मुंगी" म्हणाली. तेव्हापासून मुंगी रोज सकाळ-संध्याकाळ चढते. आज बायकोचा हात खुंटीपर्यंत जातो. पोर शिरपूरला असती तर तो इतक्या लवकर गेला नसता, असं मला वाटतं.

शाळेतून रजा टाकून बाकी सगळं मी केलं. नागलीची पेज, मुगाची खिचडी, शी-शू, आंघोळ, रात्रीची झोळी. पहिल्या आठवड्यात पोर माझ्याकडे झोपायलाच तयार नव्हती. "माले उचल ना" म्हणत आईच्या दाराशी रडायची. ते दिवस वाईट होते. पण गेले.

तापीकाठची

दादा, तुम्ही मनापासून केलंय, मान आहे. पण तुमचं मत मला पटत नाही.

माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. मलाही वाटलं होतं, लेकरू डोळ्यांसमोर हवं. बाराव्या दिवशी तो उंबऱ्यावरून पडला. घरात कुणी नव्हतं. मी धावले आणि उचलला. त्या क्षणी कोणत्याही आईला डॉक्टर आठवत नाही. वर्षभरात टाक्यांच्या जागी हर्निया झाला, परत ऑपरेशन. त्या बाराव्या दिवसानंतर मुलाला साक्रीला माझ्या आईकडे पाठवलं, तीन महिने. आणि खरं सांगते, त्या तीन महिन्यांत मी पहिल्यांदा सलग झोपले.

तुमच्याकडे ती उचलत नाही, कारण तुम्ही दिवसभर तिथे उभे आहात. किती घरांत असा माणूस आहे? तुम्ही लिहिलंय, पोर दाराशी रडायची, "ते दिवस गेले". दाराच्या आत जी पडली होती तिचे ते दिवस कसे गेले? लेकराचं रडणं ऐकून उठता न येणं, हे टाक्यांपेक्षा जास्त दुखतं. ठेवायचं की पाठवायचं, हे तुम्ही तिला विचारलं होतं का? तुमच्या एवढ्या मोठ्या लिहिण्यात तिचं मत मला सापडलं नाही.

दादरची भाकर

मास्तर, तुमचं बरोबर असेल, पण ते पगारी माणसाचं बरोबर आहे. मी पारोळा तालुक्यातला, सहा एकर कापूस. बायकोचं गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन ऐन वेचणीत आलं. ऑपरेशन महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून झालं, तिथे पैसा लागला नाही, हे कबूल. पण बोंड फुटलं की ते थांबत नाही, आणि वेचणाऱ्या बाया किलोवर पैसे मागतात. त्याला कुठली योजना नाही. मी घरी बसून पोराला पेज भरवली असती तर पुढच्या तपासणीला मुंबईला जायला पैसा कुठून आणला असता?

रेल्वेत कॅन्सरच्या माणसाला स्लीपरमध्ये तिकीट माफ आहे, सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत आहे. पाच वर्षांच्या आतल्या लेकराला तिकीट नाही. पण त्या लेकराला धरायला जो तिसरा माणूस लागतो, त्याचं पूर्ण तिकीट. हिशेब मी केला आहे. पोराला एरंडोलला आजोळी ठेवलं, चार महिने. "टाकलं" हा शब्द तुम्ही वापरलात तो मला लागला. आजोळ म्हणजे काय अनाथाश्रम आहे का? आपल्या खान्देशात आजीच्या हाताखाली वाढलेली निम्मी पोरं असतील.

पांझराकाठ

जिभाऊ, "टाकलं" हा शब्द मी पोरीच्या मनातला म्हणून लिहिला, तुम्हाला उद्देशून नाही. तरी लागला असेल तर मागे घेतो.

पण पगारी माणसालाही हे सोपं नाही, तेही ऐका. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. राज्य सरकारने २०१८ मध्ये १८० दिवसांची बालसंगोपन रजा सुरू केली. ती महिला कर्मचाऱ्यांना आहे, पत्नी हयात नसलेल्या पुरुषांना आहे, आणि पत्नी असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल अशा पुरुषांना आहे. माझी बायको चालते, बोलते, बरी होते आहे, म्हणून मी त्यात बसत नाही. अर्धपगारी रजा टाकली आहे. बाई मरणाच्या दारात असेल किंवा गेलेली असेल, तरच बापाने लेकरू सांभाळायचं, असा अर्थ निघतो त्याचा. ती बरी होत असते तेव्हाच तर बापाची खरी गरज असते! हा नियम बदलायला हवा. आमच्या संघटनेकडे मी तसं लेखी दिलं आहे.

तापीकाठच्या ताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर आत्ता माझ्याकडे नाही.

आप्पा धरणगावकर

माझं वय ७१. आमच्या वेळी आजारी बाईजवळ लहान पोर ठेवत नसत. वासाने, नजरेने, स्पर्शाने बाधतं असं म्हणत. ते खरं-खोटं मला ठाऊक नाही. पण घरात आजी, काकू असताना पुरुषाने नोकरी सोडून लेकराचं धुणं धुवावं, हे मला पटत नाही. शाळेतली ४० पोरं कुणी शिकवायची?

पांढरा एप्रन, धुळे

आप्पा, मान राखून सांगते. कॅन्सर स्पर्शाने, उष्ट्याने, एका ताटात जेवल्याने होत नाही. मी बारा वर्षं कॅन्सरच्या वॉर्डात आहे. या एका गैरसमजापायी किती बायांना वेगळी वाटी आणि वेगळी खोली दिलेली पाहिली आहे. त्या बाया ऑपरेशनने खचल्या नाहीत इतक्या त्या वाटीने खचल्या.

मात्र मास्तरांनाही एक सांगायचं आहे. तुमचं मत ऑपरेशनपुरतं ठीक आहे, केमोचा विचार त्यात आलेला नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली जातात. त्या दिवसांत लेकराची साधी सर्दी आईला दवाखान्यात पोचवू शकते. पोरगी शिंकत असेल तर त्या आठवड्यात तिला दुसऱ्या खोलीत किंवा आजीकडे ठेवणं हेच शहाणपण. आईला ताप १०० च्या वर गेला तर सकाळची वाट पाहू नका, रात्रीच निघा. केमोनंतर दोन दिवस आईची उलटी, लघवी हातमोजे घालून साफ करा आणि पोरीला त्या न्हाणीत जाऊ देऊ नका.

पोलिओचे थेंब द्यायची वेळ आली तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा. त्यात जिवंत विषाणू असतो, तो लेकराच्या शीतून काही आठवडे बाहेर पडतो. आणि शी धुणारा हात घरात कुणाचा आहे, ते बघा. पुढे शेक (रेडिएशन) द्यायचे झाले तर मात्र घाबरू नका. मशीनने बाहेरून दिलेला शेक अंगात उरत नाही. त्याच संध्याकाळी आईने लेकराला मांडीवर घेतलं तरी चालतं.

ऑपरेशनच्या बाजूच्या हाताला सुई, बीपीचा पट्टा नको, हे तुम्हाला सांगितलं असेलच. लेकराचं चावणं, ओरबाडणंही त्यातच धरा. काखेतल्या गाठी काढलेल्या हाताला साधी जखमही चिघळू शकते, हात सुजू शकतो. पोरीची नखं दर चार दिवसांनी कापा.

पाटणादेवी

मी त्या पाठवलेल्या लेकरांपैकी एक आहे. म्हणून लिहिते.

मी चार वर्षांची असताना आईचं ऑपरेशन झालं. मला नंदुरबारला मामाकडे नेलं, "दोन दिवस" म्हणून. सहा महिने राहिले. मामीने जीव लावला, खाण्यापिण्याची ददात नव्हती, त्यांना मी कधी दोष देणार नाही. पण आई आजारी आहे हे मला कुणी सांगितलं नाही. मी समजून बसले की मी दुधाचं पातेलं सांडलं होतं म्हणून मला पाठवलं. परत आले तेव्हा आईचे केस गेले होते. मी तिला ओळखलं नाही, मामीच्या पदरामागे लपले. आई बरी झाली, आज ६३ वर्षांची आहे. त्या दिवसाबद्दल ती आजही बोलत नाही.

दादरची भाकर, तुम्ही पाठवलंत, तुमची अडचण खरी आहे. फक्त मधेमधे त्याला आणत होतात का? फोनवर आईचा आवाज रोज ऐकवत होतात का? मला कुणी ऐकवला नाही.

दादरची भाकर

ताई, दर रविवारी मोटरसायकलवर आणायचो, संध्याकाळी परत न्यायचो. परत नेताना एरंडोलपर्यंत रडायचा. चौथ्या रविवारी रडला नाही, तेव्हा मीच रडलो. पण परत वेळ आली तर परत हेच करीन, दुसरा मार्ग नव्हता.

पांझराकाठ

हे मी लिहीत नाहीये. मी त्यांची बायको. धागा मी काल रात्री वाचला, उजव्या हाताने लिहिते आहे.

तापीकाठच्या ताई, मला विचारलं नव्हतं. ह्यांनी सगळ्यांशी भांडून पोरीला घरी ठेवलं, ते माझ्यासाठीच होतं, मला माहीत आहे. ह्यांनी केलं तेवढं आमच्या भाऊबंदकीत कुणी केलं नाही. पण घरी आल्यानंतरचे पहिले चार-पाच दिवस ती कुठेतरी लांब असती तर बरं झालं असतं. ती दाराशी रडायची, आणि मी तोंडात पदराचा बोळा घालून पडायचे, माझा आवाज तिला जाऊ नये म्हणून. पट्टी सोडली तेव्हा मी पहिल्यांदा खाली पाहिलं. त्या दिवशी मला कुणीच नको होतं. पोरगीसुद्धा.

मुंगी सुरू झाल्यापासून मात्र ती नसती तर मी उठलेच नसते, हेही खरं.

आणि एक. सगळे विचारत होते, पोरीला आजोळी पाठवायचं का? पोरीचं आजोळ ते माझं माहेर आहे ना? मला कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, आम्हा दोघींना पाठवा. बाळंतपणाला पाठवता, तसंच. माझ्या आईने दोघींचं केलं असतं. पण "ऑपरेशन करून सून माहेरी धाडली" असं लोक म्हणतील, म्हणून तो विषय घरात निघालाच नाही.

आखाजी (अक्षय्य तृतीया) आली आहे. सगळ्या लेकी माहेरी निघतील. मलाही जायचं आहे.

तापीकाठची

बाई, आत्ता तुझं नाव माहीत नाही, पण शिरपूरला आलीस की कळव. मी पलीकडच्याच गावात आहे.

पांढरा एप्रन, धुळे

अडीच महिने झालेत म्हणजे तिसरी केमो झाली असेल, ती कधी झाली? आखाजी त्यापासून तिसऱ्या आठवड्यात येत असेल तर जाता येईल. निघण्याआधी रक्त तपासून घ्या, पांढऱ्या पेशी किती आहेत ते डॉक्टरांना दाखवा. गर्दीच्या एसटीने नको.

पांझराकाठ

आता मी लिहितोय. तिसऱ्या आठवड्यातच येते. सोमवारी रक्त द्यायला जातो. मेव्हण्याला गाडी घेऊन यायला सांगितलं आहे, वडिलांशी मी बोललो. चौथ्या केमोच्या आदल्या दिवशी मी दोघींना आणायला जाईन. आखाजीच्या झोक्यावर बायको बसणार नाही, पोरीला तिची मामी बसवेल. नागलीचं पीठ बांधून दिलं आहे, सासूबाईंकडे ते नसतं.