मदत हवी आहे: शॉर्ट स्केल बेस गिटार कोणती घेऊ? (घाई आहे)

खालचा_सा:
शॉर्ट स्केल बेस घ्यायची आहे. वाजवायला आरामाची हवी आणि दिसायलाही बरी हवी. दुकानात गेलं की एक तर काळी नाहीतर आजीच्या कपाटाच्या रंगाची पुढे करतात, वर "सगळे हीच नेतात" म्हणतात. तीन आठवडे व्हिडिओ बघून डोकं आउट झालंय. पुण्यात आहे, शनिवारपर्यंत ठरवायचंय. फक्त मॉडेलचं नाव सांगा, प्रवचन नको.

शनिपारचा_कट्टा:
बजेट? आधी वाजवलीय का? अँप आहे? आणि नावच हवं असेल तर फेंडर मस्टँग. १९६६ पासूनचं डिझाइन, ३० इंच. विषय संपला.

घिसाडघाई:
बजेट विचारायचं आणि उत्तर यायच्या आत विषय संपवायचा. धन्य!

काळी_चार:
शॉर्ट स्केल म्हणजे नक्की कोणती पट्टी? बायका साधारण काळी चार-पाचात गातात, पुरुष काळी एक-दोनात. गळा कसा आहे ते कळवलंत तर सांगता येईल. पट्टी घाईत ठरवू नये, गळ्यावर ताण येतो.

खालचा_सा:
काका, इथे स्केल म्हणजे तारेची लांबी, नटपासून (दांडीच्या टोकाशी तारा टेकतात तो खाचांचा तुकडा) ब्रिजपर्यंत (अंगावर तारा अडकवतात तो भाग). नेहमीची बेस ३४ इंच, शॉर्ट ३० च्या आसपास. मी गात नाही.
बजेट २५ हजार, ओढूनताणून ३०. दोन वर्षं मित्राच्या ३४ इंचीवर वाजवतेय. तो आता बंगळूरला निघालाय, बेससकट. करंगळी पोचत नाही आणि तासाभरात खांदा भरून येतो. अँप आहे.

जुनाट_अँप:
करंगळी आणि खांदा ही दोन वेगळी दुखणी आहेत. शॉर्ट स्केलने पहिलं जाईल, दुसरं जाईलच असं नाही. मी हे पैसे घालवून शिकलोय. गिब्सनच्या एसजी गिटारच्या आकाराची, दोन शिंगांची, चेरी लाल बेस घेतली होती. जॅक ब्रूस क्रीम बँडमध्ये वाजवायचा त्या गिब्सन ईबी-३ च्या वळणाची. बघताक्षणी प्रेमात. घरी आणून पट्टा लावला, हात सोडला आणि हेडस्टॉक (खुंट्यांचं टोक) सरळ जमिनीकडे. म्हणजे वाजवायचा हात अर्धा वेळ नेक (दांडी) उचलून धरण्यातच जायचा. वजन जेमतेम साडेतीन किलो, पण तोल असा की मान आणि खांदा दोन्ही कामातून गेले. आठ महिन्यांनी विकली.
तेव्हा दुकानात खुर्चीवर बसून वाजवू नका. पट्टा लावून उभ्या राहा आणि दोन्ही हात सोडा. नेक खाली गेली तर ती बेस कितीही सुंदर असो, तिथेच ठेवून या.

टेकडीवरचा:
करंगळी पोचत नाही हा तंत्राचा दोष आहे, बेसचा नव्हे. डबल बेसवाले ४१-४२ इंचांवर वाजवतात, तिथे कुणी चार फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या रेघा) चार बोटं पसरावीत तशी पसरत नाही. खालच्या फ्रेट्सना पहिलं, दुसरं आणि चौथं बोट वापरायचं, हात सरकवायचा. लिओ फेंडरने १९५१ मध्ये ३४ इंच ठेवले ते काय उगाच? शॉर्ट स्केलचा ई (सगळ्यात जाड तार) म्हणजे ओल्या दोरीवरचं धुणं.

शनिपारचा_कट्टा:
आले, तंत्रवाले आले.

जुनाट_अँप:
टेकडीवरचे, ईबाबत अर्धं खरं आहे तुमचं. तीच तार त्याच सुरात ३४ ऐवजी ३० इंचांवर लावली की ताण साधारण २२ टक्के कमी होतो, म्हणून लोळते. उपाय जाड तार. ई १०५ ची (०.१०५ इंच जाड) लावा नाहीतर फ्लॅटवाउंड (सपाट पट्टी गुंडाळलेल्या तारा) घ्या. मात्र पाकिटावर शॉर्ट स्केल लिहिलंय ना ते बघा. लांब तार आणून कापली आणि खुंटीवर जाडच भाग गुंडाळला तर ती नीट बसत नाही.

खमंग_चकली:
माझ्या भाच्याने युकुलेले बेस घेतली, रबरासारख्या जाड तारा, एवढीशी, सोफ्यावर लोळून वाजवतो. तीच घ्या. शिवाय ॲक्टिव्हावर पायापाशी मावते.

घिसाडघाई:
स्कूटरचा मुद्दा मात्र बिनतोड. ३४ इंची पाठीवर घेतली की हेडस्टॉक हेल्मेटच्या वर जातो. कर्वेनगरात आमच्या बेसिस्टने झाडाच्या फांदीला असा सलाम ठोकला की दोन ट्यूनर वाकले.

टेकडीवरचा:
सॉफ्ट बॅगेतून बेस नेणाऱ्यांविषयी काही बोलायलाच नको.

खालचा_सा:
धागा स्कूटरवर का गेला?? टेकडीवरचे, हात सरकवूनच वाजवते हो, पण आमचा ड्रमर जी गाणी निवडतो त्यात सरकवायला वेळ मिळत नाही. आत्ता पट्टी घेऊन बसले. (मोजपट्टी, काका.) मित्राच्या बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत १३ सेंटीमीटर. माझ्या उजव्या हाताची बोटं पूर्ण ताणली की तर्जनी ते करंगळी साडेअकरा भरतं.

जुनाट_अँप:
३० इंचीवर तेच अंतर साडेअकराच्या किंचित आत येतं. काठावर पास.
पण एक मिनिट. उजव्या हाताची? उजव्याने तर तारा छेडतात.

खालचा_सा:
मी डावखुरी आहे. लिहिलं नव्हतं का?

शनिपारचा_कट्टा:
नव्हतं!!! चौदा प्रतिसाद झाले!

खालचा_सा:
मित्रही डावखुराच आहे, म्हणून तर दोन वर्षं जमलं. मला वाटलं त्यावरून कळलं असेल.

घिसाडघाई:
कशावरून?

टेकडीवरचा:
मग सरळ उजव्या हाताने शिका. सहा महिने त्रास होईल, पुढे जन्मभर कुठलीही बेस उचलून वाजवता येईल.

खालचा_सा:
आजीने जेवायला उजवा हात लावला, शाळेने लिहायला लावू पाहिला. बेस माझ्याच हाताने वाजवणार.

खमंग_चकली:
+१००

शनिपारचा_कट्टा:
उजवी घेऊन उलट्या तारा लावल्या तर? मस्टँग उलटी वाईट दिसत नाही.

जुनाट_अँप:
दिसण्याचं सोडा. नट नव्याने कापावा लागतो, ब्रिजचे सॅडल (तारा टेकतात ते तुकडे) पुन्हा जुळवावे लागतात, नॉब कोपराखाली येतात. आणि पट्ट्याचं बटण आखूड शिंगावर जातं, म्हणजे नेक पडायचा तोच आजार विकत घेतल्यासारखं.
आता खरं नाव सांगतो. हॉफनरची व्हायोलिन बेस. स्केल ३० च्या आसपास, अंग पोकळ, म्हणून वजन अडीच किलोच्या घरात. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी डावखुरा. त्याने ती १९६१ मध्ये हॅम्बुर्गला घेतली. दोन्ही बाजू सारख्या असल्यामुळे डाव्या हातात ती वेडगळ दिसत नाही, हे त्यानेच सांगितलंय. त्यांच्या स्वस्त इग्निशन मालिकेत डावखुरीही येते. दुकानात टांगलेली मिळणं कठीण, वापरलेली शोधा. पोकळ असल्यामुळे अँपच्या तोंडाशी उभं राहिलात तर घुमते, एवढं सांभाळा.

घिसाडघाई:
अवांतर: मॅकार्टनीची तीच बेस १९७२ मध्ये चोरीला गेली होती. परत मिळाल्याची बातमी २०२४ मध्ये आली. माझी सायकल डेक्कनवरून दोन वर्षांपूर्वी गेलीय, म्हणजे अजून पन्नास वर्षं आशा आहे.

टेकडीवरचा:
व्हायोलिन बेस म्हणजे बीटल्सचा गणवेश. दुसरं काही वाजवलं तरी लोक तेच ऐकवा म्हणणार.

खालचा_सा:
म्हणू देत. तपकिरी आहे हे खरं, पण कपाट नाही वाटत, जुन्या सतारीसारखी वाटते.
अपडेट: ओळखीतून कोथरूडला एक वापरलेली डावखुरी सापडली, २२ हजार. आत्ता बघून आले. पट्टा लावून दोन्ही हात सोडले, नेक जरा झुकली आणि थांबली, पडली नाही. करंगळी चौथ्या फ्रेटवर पोचते, अगदी टोकाने. वीस मिनिटं उभ्याने वाजवली, खांद्याने तक्रार केली नाही. फ्लॅटवाउंड आहेत, बोटाखाली करकर नाही. घेणारच होते, पण नेक जिथे अंगाला मिळते तिथे केसासारखी एक रेघ दिसली. मालक म्हणतो पॉलिशची आहे. तडा असेल का? उद्या सकाळी दुसरा कुणी बघायला येतोय, आजच सांगा.

जुनाट_अँप:
नख आडवं फिरवून बघा, अडकतंय का. मग एका हाताने अंग धरून दुसऱ्याने हेडस्टॉक हळूच मागेपुढे करा. रेघ उघडमीट झाली तर सांधा सुटतोय, घेऊ नका. नाही झाली तर बहुतेक पॉलिशच. ॲक्शन (फ्रेटपासून तारांची उंची) किती होती? फोटो टाका.

शनिपारचा_कट्टा:
फोटो?

काळी_चार:
फोटो आल्यावर मीही बघतो. आमच्या पेटीच्या भात्यालाही पावसाळ्यात अशीच रेघ आली होती.

खालचा_सा:
फोटो काढायचाच राहिला. परत जातेय.