पुणे : पाणी आणि बस पोचली नसेल, तर इमारतीला परवानगी का?

वाघोली_पूर्व (धागाकर्ता)
मागणी सरळ आहे. महापालिकेचं पाणी आणि पीएमपीची बस या दोन्ही गोष्टी जिथे पोचलेल्या नाहीत, तिथले नवे नकाशे मंजूर करणं थांबवा. 2017 मध्ये 11 गावं शहरात घेतली, 2021 मध्ये आणखी 23. वाघोली त्या दुसऱ्या खेपेतली. गाव शहरात गेलं तरी आमची सोसायटी टँकरवरच आहे. परवानगी घेताना बिल्डरने हमीपत्र दिलं होतं, की महापालिकेचं पाणी येईपर्यंत पाणी मी देईन. सोसायटी नोंदली गेली आणि टँकरचं बिल गुपचूप मेंटेनन्समध्ये आलं.
प्रवासाचंही तेच. नगर रोडचा बीआरटी मार्ग, म्हणजे बससाठीची वेगळी लेन, उखडला. मार्च 2024 मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत आली, पण तिथून पुढे घरी यायला गर्दीची बस, शेअर रिक्षा किंवा स्वतःची दुचाकी. म्हणून घरटी दोन दुचाक्या.

सेंट्रिंगवाला
साहेब, तुमची इमारत उभी राहिली तेव्हा पाणी होतं का? नव्हतं. तरी तुम्ही फ्लॅट घेतलाच ना! आता आत बसून दार लावायला निघालात. वारज्याच्या मजूर अड्ड्यावर सकाळी सातला या एकदा. नांदेड, लातूर, यवतमाळकडची माणसं रोजावर उभी असतात. परवानग्या थांबल्या की पहिला खाडा त्यांचा. बिल्डरचं काय, तो महापालिकेच्या हद्दीबाहेर पीएमआरडीएत, म्हणजे महानगर विकास प्राधिकरणाच्या भागात, प्लॉट घेईल. टँकर तिथेही जातो.

वाघोली_पूर्व
आम्ही फसलो म्हणून पुढच्यांनीही फसावं का? आणि मजुराच्या रोजाचं म्हणाल तर पाइपलाइन, ड्रेनेज, टाक्या बांधायलाही माणसंच लागतात.

सेंट्रिंगवाला
लागतात, पण स्लॅबवर लागतात तेवढी नाहीत. खोदाईला जेसीबी येतो.

मुळामुठा_खालची
तुमचं भांडण नळाचं आहे, आमचं पाटाचं. दौंडची आहे मी, ऊस आणि थोडा भाजीपाला. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार धरणं मिळून साठा 29 टीएमसीच्या (अब्ज घनफूट) आसपास. त्यातच पुणं भागवायचं आणि हवेली, दौंड, इंदापूरचं सिंचनही. शहर वाढलं की कालव्याला पाणी सोडायची उन्हाळी पाळी, म्हणजे आवर्तन, लांबतं किंवा आखडतं. कालवा समितीच्या बैठकीत दरवर्षी तेच रडगाणं, पिण्याच्या पाण्याला प्राधान्य. बरं, द्या प्राधान्य. पण त्याच्या बदल्यात सांडपाणी शुद्ध करून साडेसहा टीएमसी शेतीला परत द्यायचं ठरलं होतं ना? मुंढव्याला जॅकवेल, म्हणजे पाणी उपसायची विहीर, बांधली, पाणी शेतीच्या बेबी कालव्यात सोडतात. उन्हाळ्यात त्याच्या काठाला उभे राहून दाखवा, वास कसा येतो ते कळेल. त्या पाण्यावर मेथी लावायला माझा हात धजत नाही.
म्हणून मी धागाकर्त्यांच्या बाजूने आहे, पण अट बदला. नळ आला की नाही हे नंतर. आधी मैलापाणी कुठे जाणार ते दाखवा, मग नकाशा.

शनिवार_पेठ
ताई, तुमचं पटतं. पण सगळं खापर नव्या इमारतींवर कशाला? आमच्या पेठांत नळ चालू ठेवून अंगण धुणारे अजून आहेत. शहरांसाठी माणशी 135 लिटरचा निकष आहे. जुन्या पुण्यात तो कोण पाळतं? समान पाणीपुरवठा योजनेत मीटर बसवायला माणसं आली, तर आमच्या वाड्यात भांडण झालं. मीटरवर बिल लावा, गळती शोधा, शिल्लक पाणी वाघोलीला द्या. नवं धरण मागण्याआधी एवढं तरी करता येईल.

तीनचाकी
पाण्यातलं कळत नाही, रस्त्यावर बोलतो. 2017 मध्ये रिक्षाचे परवाने खुले केले. रिक्षा वाढल्या, भाडं वाटलं गेलं. रिक्षाच्या कर्जाचा हप्ता आहे तेवढाच. त्यात नगर रोडला टँकर, डंपर, आयटीच्या कॅब, सगळे एकाच लेनला. बस वाढवा म्हणता, वाढवा. पण रिक्षाला स्टँडची जागाही आखून द्या. मेट्रोतून उतरलेला माणूस घरापर्यंत आम्हीच नेतो, आणि चौकात दंडही आम्हालाच.

सिंहगड_रोड
पाइप पोचला म्हणजे पाणी पोचलं असं धरून चाललाय सगळे. नांदेडगाव आणि किरकटवाडीला खडकवासला धरण नजरेच्या टप्प्यात आहे. जानेवारी 2025 मध्ये जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण आमच्याच पट्ट्यात निघाले आणि विहिरीच्या पाण्याची चर्चा सुरू झाली. तेव्हा अटीत ‘शुद्ध केलेलं पाणी’ असं लिहा. नुसतं ‘पाणी’ लिहिलंत तर बिल्डर विहीर दाखवून मोकळा.

वाघोली_पूर्व
सिंहगड रोडचा मुद्दा घेतला. दौंडच्या ताईंची अटही घेतली, कारण आमच्याच सोसायटीचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प, वीजबिल वाचवायला रात्री बंद असतो हे मला माहीत आहे. सेंट्रिंगवाल्यांसाठी माझी मागणी थोडी सैल करतो. परवानग्या सरसकट थांबवू नका, पण भोगवटा प्रमाणपत्र देताना बिल्डरकडून पाच वर्षांच्या टँकरखर्चाएवढी बँक हमी घ्या. पाणी आलं की परत. नाही आलं तर टँकरचं बिल त्यातून.

सेंट्रिंगवाला
ते पैसे फ्लॅटच्या दरात टाकतील.

वाघोली_पूर्व
टाकू देत. निदान घेणाऱ्याला बुकिंगच्या दिवशी खरा भाव तरी दिसेल.

सेंट्रिंगवाला
आणि ज्याला तो भाव परवडणार नाही, तो कुठे जाईल? हद्दीबाहेरच ना? मग तिथेही हीच हमी लावायला लावा. पीएमआरडीएकडे निवेदन देणार असाल तर सही करायला येतो, रविवारी काम नसतं.