मुदतवाढ म्हणजे वेळेवर रिटर्न भरणाऱ्याची थट्टा आहे का?

शिस्तप्रिय (८ सप्टेंबर २०२५)

इन्कम टॅक्स रिटर्नची ३१ जुलैची तारीख यंदा थेट १५ सप्टेंबरवर गेली. मी १८ जूनलाच भरून मोकळा झालो. १४,३०० रुपये रिफंड यायचाय, अजून पत्ता नाही. ऑफिसातले दोघं मात्र गणपती, गौरी, विसर्जन सगळं आटोपून आता फॉर्म १६ (कंपनीकडून मिळणारा पगार आणि कापलेल्या कराचा दाखला) शोधतायत. दंड शून्य. वर रिफंडवर १ एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज त्यांनाही मिळणार, आणि पैसे उशिरा आले तर माझ्यापेक्षा चार दमड्या जास्तच! तारीख ठरवायची तर पाळा ना राव. दरवर्षी 'वाढेल हो' म्हणत बसायची सवय या वाढींनीच लावली.

खर्डेघाशी

+१. आमच्याकडे लग्नाचा मुहूर्तही इतका पुढे ढकलत नाहीत.

वहीखाते

धागाकर्त्यांशी साफ असहमत. सीएच्या ऑफिसात काम करतो, त्यामुळे थोडं पोटतिडकीने लिहितोय.

ही वाढ शेवटच्या दिवशी रडून मिळालेली नाही. २७ मेलाच जाहीर झाली, कारण फॉर्मच बदलले होते. २३ जुलै २०२४ पासून भांडवली नफ्यावरच्या कराचे दर बदलले. शेअर आणि इक्विटी फंडांवर दीर्घ मुदतीचा १० चा साडेबारा टक्के झाला, अल्प मुदतीचा १५ चा २०. त्यामुळे फॉर्मात आधीचे आणि नंतरचे व्यवहार वेगळे दाखवायचे. आयटीआर-२ आणि ३ (शेअर-फंडांचा नफा, धंदा वगैरे असलेल्यांचे रिटर्न फॉर्म) भरायची एक्सेल युटिलिटी आली ११ जुलैला. ३१ ला मुदत संपली असती तर हातात किती दिवस होते ते तुम्हीच मोजा. तुमचा पगारी आयटीआर-१ जूनमध्ये जातो. ज्याचे वर्षभरात दोनशे शेअरव्यवहार आहेत त्याचा नाही जात.

आणि तारीख चुकली तर नुसते ५,००० जात नाहीत (उत्पन्न पाच लाखांच्या आत असेल तर १,०००). पगारदाराला जुनी करप्रणाली निवडता येत नाही, म्हणजे ८०सीची गुंतवणुकीवरची वजावट, राहत्या घराच्या कर्जाचं व्याज सगळं विसरा. शेअरमधला तोटाही पुढे ओढता येत नाही.

फंडूबाबा

मुदतवाढ फुकट असते हा गैरसमज मलाही होता. फेब्रुवारीत फंड विकले, ३८,००० कर निघाला. म्हटलं सप्टेंबरपर्यंत वेळ आहे, कशाला घाई. परवा हिशेब केला तर २३४बी खाली २,२८० व्याज! अॅडव्हान्स टॅक्स (वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा कर) न भरल्याचं एप्रिलपासून महिना एक टक्का, सहा महिने. जुलैत भरले असते तर १,५२० वर भागलं असतं. मुदत वाढली ती रिटर्नची. हे मीटर चालूच होतं. २३४सी ची, म्हणजे हप्ता चुकल्याच्या व्याजाची, फोडणी वेगळीच.

वहीखाते

@फंडूबाबा, बरोबर. वाढीव तारखेपर्यंत थांबतं ते २३४ए, म्हणजे रिटर्न उशिरा भरल्याचं व्याज. आमचे निम्मे क्लायंट इथेच घसरतात.

एडिसनचा_पाहुणा

इथे न्यू जर्सीत फॉर्म ४८६८ (मुदतवाढीचा अर्ज) भरला की १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत. कारण कोणी विचारत नाही. पण पैसे १५ एप्रिललाच भरायचे, नाहीतर थकलेल्या रकमेवर महिना अर्धा टक्का दंड, व्याज निराळं. ज्याला हवी त्याने मागावी, बाकीच्यांची तारीख हलत नाही. तिकडेही हेच करा की.

वहीखाते

फॉर्मच वेळेवर आला नाही तर अर्ज करदात्याने का करायचा? उशीर कुणाचा?

शिस्तप्रिय

आयटीआर-२, ३ वाल्यांचं मान्य. मग त्यांनाच द्या. माझ्यासारख्या आयटीआर-१ वाल्यांना दीड महिना कशाला? शिवाय १५ सप्टेंबर हा अॅडव्हान्स टॅक्सच्या दुसऱ्या हप्त्याचाही दिवस. पोर्टलवर त्या दिवशी दादर स्टेशन होणार.

वहीखाते

हा मुद्दा चांगला आहे. फॉर्मनुसार वेगळी तारीख मलाही पटेल. बाय द वे, आयटीआर-१ चे रिफंड यंदा बरेच लवकर येतायत. तुम्ही ई-व्हेरिफाय केलंत ना?

शिस्तप्रिय

म्हणजे?

वहीखाते

काका… सबमिट केल्यावर रिटर्न आपलंच आहे याची ओटीपी वगैरेने खात्री करून द्यावी लागते. पोर्टलवर 'ई-फाइल'मध्ये जाऊन भरलेली रिटर्न्स बघा. स्टेटस काय दिसतंय?

शिस्तप्रिय

'पेंडिंग फॉर ई-व्हेरिफिकेशन'. सबमिट दाबल्यावर मला वाटलं झालं. आत्ताच आधार ओटीपीने केलं.

वहीखाते

ई-व्हेरिफायचे ३० दिवस कधीच उलटले, त्यामुळे भरल्याची तारीख आजची धरतील. ८ सप्टेंबर. ३१ जुलैवर अडून बसले असते तर तुम्हाला लेट फी लागली असती.

खर्डेघाशी

😂😂 माझा +१ परत द्या.

शिस्तप्रिय

हसा. आयटीआर-१ ला वाढ नको होती हे मत अजून तेच आहे. फक्त यंदाची १५ सप्टेंबरपर्यंत राहू द्या.