विसराळूपणा म्हणून सोडून देऊ नका

"सत्तरीनंतर विसरणं चालायचंच, डॉक्टरकडे नेऊन काय होणार?" असं घरोघरी म्हटलं जातं. कळकळीनं सांगते, न्याच. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, अगदी झोपेच्या गोळ्यांनीसुद्धा स्मरणशक्ती ढासळते, आणि हे वेळेत सापडलं तर बरंच सुधारू शकतं.

आमच्या आईला मात्र अल्झायमर निघाला. तिला डोनेपेझिल हे स्मरणशक्तीसाठीचं औषध सुरू आहे. रिवास्टिग्मिन त्याच जातीचं, त्याचा पॅचही मिळतो. आजार वाढला की मेमँटिन देतात. या औषधांनी आजार थांबत नाही, पण काहींना काही काळ निभावून नेता येतं. आईला आधी मळमळ आणि रात्री भलतीसलती स्वप्नं पडायची. डॉक्टरांनी रात्रीची गोळी सकाळी द्यायला सांगितली, तेव्हा स्वप्नं कमी झाली. २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं लेकानेमॅब हे अल्झायमरचं औषध फक्त सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे, आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतोय का हे पाहायला वरचेवर एमआरआय लागतो.

खरी परीक्षा संध्याकाळी. इंदूरला रामबागेत स्वतःच्या घरात बसून आई पिशवी भरते, "चल, घरी जाऊ." पूर्वी मी वाद घालायचे, मग ती रडायची. आता दिवेलागणीआधीच सगळे दिवे लावते आणि मेथीची जुडी तिच्यापुढे ठेवते. बोटं आपोआप निवडायला लागतात, पिशवी विसरली जाते.

आणि हो, चिडचिड करतात म्हणून शांत करायच्या गोळ्या परस्पर देऊ नका. डिमेन्शियात, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशात, त्यातल्या काहींनी पक्षाघाताचा धोका वाढतो.